नऊ घरांवर थांबलेलं गाऱ्हाणं

मु. वरचा उंबरकोंड, ता. पोलादपूर
माघ महिना, वार गुरुवार (रखमाला विचारून लिहिला आहे)

तीर्थस्वरूप बनुआक्कास,

धाकट्या मालोजीचा दोन्ही गुडघे जमिनीला टेकवून नमस्कार. (डावा गुडघा टेकत नाही, पण तो टेकला असं तू तिकडे भांडुपला बसून समजून घे.) तुझी साखर आटोक्यात आहे का, नवीन कवळी नीट बसली का, आणि सूनबाई तुला दुपारची घटकाभर झोपू देते का, हे सगळं आधी कळव. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. गौरी-गणपतीनंतर मी तुला एकही पत्र टाकलेलं नाही हे मला पक्कं आठवतं, तेव्हा रागावली असशील तर तुझा राग रास्त आहे. फोन का केला नाहीस म्हणशील. वाडीत मोबाईलची रेंज येते ती फक्त फणसाखाली, आणि त्या फणसाखाली कायम चार माणसं कानाला फोन लावून उभी असतात. त्यातला एक आपला भरत असतो. (चुलतभावाबद्दल वाकडं लिहू नये. पण तो असतोच.) म्हणून जे सांगायचं ते कागदावर, आणि तेही रखमा गोठ्यात गेलेली असताना.

आक्का, मी घाबरलोय. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढली. आंबेनळी घाटात धुकं इतकं की पुढचा माणूस सोड, स्वतःचा हात दिसत नसे. ड्रायव्हर देवाचं नाव घ्यायचा आणि मी डबल बेल द्यायचो. तेव्हा कधी भ्यालो नाही. आणि आता म्हातारपणी एका सिनेमाला भ्यालो. येत्या शिमग्याला पालखी सहाणेवर बसली की मला बावीस घरांचं गाऱ्हाणं न अडखळता घालायचं आहे, आणि अडखळलो तर तो मान आपल्या घरातून कायमचा जाणार आहे. हे सगळं त्या सिनेमामुळे. कसं ते सविस्तर लिहितो, कारण थोडक्यात लिहिलं तर तुला खोटं वाटेल.

सोनाबाईचा नातू अक्षय मुंबईत सिनेमावाल्यांचे दिवे उचलायचं काम करतो हे तुला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात तो एक दिग्दर्शक घेऊन आला. नाव विनीत, अंगाने काडी, केसांचा अंबाडा, आणि बोलताना तो आपल्याकडे न बघता आपल्या मागच्या डोंगराकडे बघतो. तळीयेला जे झालं त्यानंतर आपली वाडीही दरडीच्या यादीत गेली, आणि तेव्हापासून ऐन पावसात आम्ही सगळे खालच्या शाळेत राहायला जातो. म्हणजे वर बावीस कुलूपबंद घरं, त्यांच्यावर शेवाळ, आणि मधून धुकं फिरतंय. आम्ही तिकडे बघायचंच टाळतो. विनीतला ते बघून भरून आलं. म्हणाला, काका, मी तीन वर्षं हीच जागा शोधत होतो, इथे सगळं विसरल्यासारखं दिसतं. मी म्हटलं, विसरलेलं काही नाही, आम्ही भाद्रपदात परत येणार आहोत. पण त्याने ते ऐकलं नाही.

त्याचा सिनेमा माणसाची स्मृती जाण्याबद्दल होता. नाव ‘पुनश्च सतरा’. अक्षयने त्याला आपल्या गाऱ्हाण्याबद्दल सांगून ठेवलं होतं. तुला गाऱ्हाणं काय ते सांगायला नको, पण विनीतला मी सांगितलं ते असं: शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसली की आमच्या घरातल्या एका पुरुषाने वाघजाईपुढे उभं राहून खालच्या आळीपासून वरच्या आळीपर्यंत बावीस घरांची नावं घ्यायची, प्रत्येक घराच्या तीन पिढ्या, त्यांचा नवस, त्यांची अडचण, आणि दर घराला मागून सगळ्यांनी ‘व्हय’ म्हणायचं. कागद हातात घ्यायचा नाही. लिहून ठेवायचं नाही. बापाने मुलाला तोंडी द्यायचं, मला आबांनी दिलं तसं. हे ऐकून विनीतने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. म्हणाला, काका, हे तुम्ही कॅमेऱ्यासमोर म्हणाल का, तुमच्या चेहऱ्यात काहीतरी आहे. आता आक्का, कंडक्टरचा चेहरा एकतीस वर्षांत कुणी बघत नाही. लोक त्याच्या हाताकडे बघतात, सुट्टे परत येतात का ते. माझ्या चेहऱ्यात काहीतरी आहे असं म्हणणारा हा पहिलाच माणूस (रखमा धरून). मी हो म्हणून बसलो.

ते चुकलंच. श्रावणात, पालखी नाही, नारळ नाही, पायात त्यांनी दिलेले रबरी बूट, आणि मी सहाणेसमोर उभा राहून गाऱ्हाणं घातलं. नऊ घरं झाली आणि मी थांबलो. तिथे थांबायचं असं विनीतनेच मला सांगितलं होतं. हे नीट लक्षात ठेव, कारण पुढे सगळा गोंधळ याच्यावरच आहे. सिनेमातला म्हातारा नावं घेता घेता विसरतो, असा तो प्रसंग होता आणि मी तो वठवला. मग विनीत येऊन माझ्या पाया पडला.

सिनेमा तयार झाल्यावर पहिल्यांदा वाडीलाच दाखवीन असा त्याने शब्द दिला होता. असे शब्द बरेच जण देतात, पण हा संक्रांतीनंतरच्या रविवारी खरंच वीर स्टेशनला गाडीतून उतरला, रिक्षाने महाडला आला, तिथून टेंपोत पडदा आणि प्रोजेक्टर घालून वर आला. समाजमंदिराच्या खिडक्यांना ताडपत्र्या लावून भर दुपारी तीन वाजता काळोख केला. बावीसच्या बावीस घरं जमली, मुंबईचीही दहा-बारा माणसं मुद्दाम आली, गीताबाईने तर नवी नऊवारी घातली, कारण सिनेमात तिची पाठ होती.

पहिली दहा मिनिटं पडद्यावर नुसता काळोख. लाईट गेली म्हणून भरत उठून मीटरपाशी गेला आणि त्याने खटका खाली-वर केला, त्यामुळे खरंच गेली. मग अक्षयने ओरडून सांगितलं की सिनेमाच तसा आहे, ती लायटिंग आहे. लोक म्हणाले, दिवे उचलायला तुला पगार मिळतो तर मग एखादा लावायचास की. त्यानंतर एक माणूस पांढऱ्या खोलीत जागा होतो, त्याला स्वतःचं नाव आठवत नाही. साल कुठलंतरी पुढचं आहे. एक कंपनी माणसांच्या आठवणी काढून घेऊन त्यावर यंत्रं चालवते (ही गोष्ट मला अक्षयने नंतर समजावली, सिनेमात माझ्याखेरीज कुणी एक अक्षर बोलत नाही). तो माणूस एक दार उघडून पळतो तो थेट आपल्या वाडीत येतो. आणि इथून पुढे सिनेमा कुणी बघितलाच नाही. जो तो पडद्यावर आपापलं घर शोधायला लागला. माझा हौद, तुझी कोंबडी, ती बघ माझी गवताच्या वळईची काठी, असं चाललं होतं. हिरो आपल्या गल्लीत रस्ता चुकून रडतोय, आणि बायका त्याला इकडून वाट सांगतायत, डावीकडं वळ रे बाबा, म्होरं विहीर हाय.

आता एक घोटाळा झाला होता. विनीतने चित्रं जोडताना गल्ल्या कशाही जोडल्या. हिरो भरतच्या मागल्या दारातून बाहेर पडतो आणि पुढचं पाऊल टाकतो ते दोन किलोमीटर खाली शाळेच्या पायरीवर. परत वळतो तर सोनाबाईच्या परसात. मुंबईचे लोक म्हणे अशा ठिकाणी टाळ्या वाजवतात. आमच्याकडे बायकांनी वाट सांगणं सोडून दिलं. कारण असं कुठे होतं आणि कुणाला होतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सोनाबाईने उभं राहून जाहीर केलं, “आरं, चकवा लागलाय त्याला. पायताण काढून उलटं घाल म्हनावं.” आणि झालं. सिनेमा कशाबद्दल आहे हा प्रश्न तिथेच मिटला. यंत्र, कंपनी, पुढचं साल, सगळं गेलं. चकवा लागलेल्या माणसाची गोष्ट, एवढं बावीस घरांनी एकमताने ठरवलं, आणि हिरो चपला उलट्या घालत नाही म्हणून सगळ्यांना त्याचा राग यायला लागला.

मध्ये एक प्रसंग येतो. हिरोला स्वतःच्या खिशात एक चिठ्ठी सापडते. चिठ्ठीवर लिहिलंय, ही तुझी सतरावी वेळ. अक्षर त्याचंच. ते बघून तो माणूस असा ओरडतो की समाजमंदिराचे पत्रे वाजले. मला त्यावर हसू आलं होतं हे खरं सांगतो. सोनाबाईने विचारलं की चिठ्ठी लिहिली कोणी. अक्षय म्हणाला, त्यानंच. “मंग घाबारतोय कशाला? आपल्याच हातचं हाय नव्हं.” मला तिचं म्हणणं पटलं. दुसऱ्या कुणी लिहून ठेवलं असतं तर भ्यायचं, स्वतःच्या अक्षराला काय भ्यायचं. मी हे मोठ्याने म्हटलंसुद्धा आणि लोक हसले.

आणि मग मी आलो पडद्यावर. आक्का, माझा चेहरा आठ फुटांचा. धुक्यात उभा आहे आणि गाऱ्हाणं चाललंय. आबा म्हणायचे अगदी त्याच लयीत. सगळी माणसं आपोआप सावरून बसली, बायकांनी डोक्यावर पदर घेतले, आणि पहिलं घर आलं तेव्हा मागून ‘व्हय’ आला. दुसऱ्याला आला. पडद्यावरच्या मला समाजमंदिरातली सगळी वाडी ‘व्हय’ देत होती. नऊ घरं अशी गेली. मग पडद्यावरचा मी थांबलो. तोंड उघडं, डोळे समोर, आणि काही नाही. ते किती वेळ चाललं म्हणशील तर विनीतने ते दोन मिनिटं ठेवलंय. दोन मिनिटं लोक ‘व्हय’ म्हणायला तोंड उघडून वाट बघत राहिले. आणि मग हिरो आला, दार उघडलं, काळोख, आणि सिनेमा संपला.

लोक उठेनात. मला वाटलं भारावून गेले. तेवढ्यात सोनाबाई म्हणाली, “माज्या घराचं नाव नाय आलं.” तिचं घर अकरावं. मग बारावं म्हणालं आमचंही नाही आलं. दोन मिनिटांत हिशेब लागला की नऊ घरांसाठी देवीकडे मागणं झालं आणि तेरा घरं तशीच राहिली, तीही दोन वर्षं (मधल्या शिमग्याला मी बावीसही घरं म्हटली होती, पण आधीचं अर्धं राहिलं की वरचं लागत नाही म्हणे). त्या तेरांत पहिलं आपलं घर आहे, दहावं, हे मी ओरडून सांगितलं. मी मुद्दाम केलं असतं तर स्वतःचंच घर कसं वगळलं असतं? पण ते कुणी ऐकेना. मी म्हटलं, मला विनीतने थांबवलं. सगळे विनीतकडे वळले. तुम्ही थांबवलंत का यांना, हा सरळ प्रश्न. आणि हा गृहस्थ डोंगराकडे बघत म्हणाला की सिनेमात कोण थांबवतं आणि कोण थांबतं हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. मग काय, ज्याने त्याने ठरवलं.

त्यानंतर वाडीत जे जे वाईट झालं ते माझ्या खात्यावर. सोनाबाईची गाय आटली. चौदाव्या घराचा पंप जळला. अठराव्याचा कुत्रा बिबट्याने नेला. विसाव्या घरातल्या मुलीचं लग्न मोडलं (मुलाने स्वतः मोडलं, दुसरी आवडली म्हणून, पण तरी मीच). इतकंच नाही, सोळाव्या घराला मागच्या पावसात भिंतीला तडा गेला होता तोसुद्धा मागे जाऊन याच्यातच धरला. कुणीतरी म्हणालं की पालखी नव्हती, नारळ नव्हता, तेव्हा ते गाऱ्हाणं धरायचंच नाही. हे ऐकल्यावर खालची नऊ घरं चवताळली, कारण त्यांचं दोन वर्षं बरं चाललं होतं आणि त्यांना ते धरायचं होतं. वाडीत नऊ एकीकडे आणि तेरा एकीकडे असे दोन तट पडले. पाणी भरायला बाया वेगवेगळ्या वेळी जातात. एकाने तर असंही सुचवलं की शिमग्याला मोबाईलवर सिनेमा लावून नऊ घरं तिकडून घ्यावीत आणि उरलेली तेरा मी पुढे म्हणावीत. यावर बैठकीत अर्धा तास गांभीर्याने चर्चा झाली.

शेवटी ठरलं ते असं. मी शिमग्याला पहिल्यापासून बाविसाव्यापर्यंत एका ओळीने गाऱ्हाणं घालायचं. कागद नाही, मोबाईल नाही. भरत शेजारी उभा राहणार. मी अडखळलो तर तो पुढे घेणार आणि मान त्याच्या घरात जाणार. भरत यावर मान खाली घालून ‘गावाची मर्जी’ म्हणाला, आणि तेव्हापासून रोज सकाळी फणसाखाली फोन कानाला लावून सिनेमातलं गाऱ्हाणं पाठ करतोय. मी ऐकलंय. नऊ घरं तो बरोबर म्हणतो. आणि नऊ झाल्यावर तोसुद्धा तोंड उघडं ठेवून दोन मिनिटं थांबतो, कारण त्याला वाटतं तेही त्यातच आहे.

हसू नकोस. म्हणजे हस, मीही हसलो, पण नंतर घाम फुटला. भरतला पुढची तेरा घरं येत नाहीत. कुणालाच येत नाहीत. ज्याला त्याला आपापल्या घराची नावं माहीत असतील, पण ती लागोपाठ, पिढीमागे पिढी, कुणाचा नवस कुठे फिटला आणि कुणाचा राहिला यासकट, ते फक्त माझ्या डोक्यात आहे. आणि सिनेमा बघितल्यापासून मी माझ्या डोक्यावर पाळत ठेवून आहे. रोज सकाळी तोंड धुताना मी जुन्या गाडीचे थांबे म्हणतो. महाड, राजेवाडी, पोलादपूर, कापडे. काही दिवस महाबळेश्वरपर्यंत जातो. काही दिवस कापड्याच्या पुढे गाडी जातच नाही. चुलीसमोर उभा राहतो आणि कशाला आलो ते कळत नाही. परवा पोलादपूरच्या स्टँडवर लागलेल्या गाडीची पाटी वाचली, अक्षरं सगळी लागली, आणि ती आपल्याकडे जाते की नाही हे ठरवता आलं नाही. मग ती सुटली. वय झालं की असं होतं म्हणतात. देवीचा कोप म्हणतात. सोनाबाई म्हणते चकवा आता माझ्यामागे लागलाय, म्हणून मी एक दिवस चपला उलट्या घालून शेतावर जाऊन आलो. बोटांना फोड आले, बाकी फरक नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच की तू आपल्या वाडीच्या मुंबईच्या मंडळाच्या लोकांना गाठून सांग. त्यांचा शब्द इथे चालतो. सांग की मालोजी थांबला तो दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून, मालोजीची आठवण खणखणीत आहे, आणि ही परीक्षा बिरीक्षा घेणं हा आबांचा अपमान आहे. दाजींच्या फोटोला माझा नमस्कार सांग. नातवंडांना आशीर्वाद. रखमा तुला पाया पडते (ती गोठ्यात आहे, पण पडते).

तुझा,
मालोजी

ता. क. मंडळाला काही सांगू नकोस. वर लिहिलं ते खोटं आहे. विनीतने मला थांबायला सांगितलं नव्हतं. बावीसही घरं म्हणा, आम्हाला लागेल तेवढं घेऊ, असं तो म्हणाला होता. मी नवव्या घरावरून पुढे आलो, तोंड उघडलं, आणि तिथे काही नव्हतं. आपलं घर दिसत होतं आक्का. ओटी दिसत होती, ओटीच्या कडेला आबांची बसायची जागा दिसत होती, त्यांचा अडकित्ता दिसत होता. नाव नव्हतं. मी मनातल्या मनात पुन्हा पहिल्या घरापासून धावत आलो, दहाव्याशी आलो, परत तेच. आणि ती सगळी सिनेमाची माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मग तो पोरगा येऊन पाया पडला आणि म्हणाला, काका, असा अभिनय मी आयुष्यात बघितला नाही. मी काय बोलणार? मी म्हटलं, थोडा सराव आहे. त्या दिवशी संध्याकाळी चहा पिताना नाव आलं. आज आठवतंय. आत्ता आठवतंय तोवर लिहून टाकतो. रामा.

दुसरी ता. क. खरं काम हे आहे. तू शिमग्याला ये. लहानपणी आबा मला ओटीवर बसवून गाऱ्हाणं शिकवायचे तेव्हा तू दाराआड तांदूळ निवडत असायचीस, आणि माझ्या आधी तुला पाठ झालं. मी अडलो की तू आतून हळूच नाव टाकायचीस आणि आबांना वाटायचं मला आलं. (त्यांना वाटत नसावं. पण ते काही बोलले नाहीत.) बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नाही असं म्हणतात, पण बायकांनी सहाणेच्या मागे बसायचं नाही असं कुणी म्हणत नाही. तू माझ्या मागे बस. मी थांबलो की नाव टाक. कवळी घालून ये, नाहीतर सोनाबाईच्या घराचं काहीतरी तिसरंच होईल आणि ती मला जिवंत ठेवणार नाही. तुला सगळं अजून येतं का, हे मी विचारत नाही. तुला येत नसेल तर काय, याचा विचार करायची माझी हिंमत नाही.

तिसरी ता. क. हे पत्र बंद करायला डिंकाची बाटली घ्यावी म्हणून माझी कंडक्टरची जुनी चामडी बॅग उघडली. त्यात एक पाकीट निघालं. बंद केलेलं, तिकीट लावलेलं, वर तुझा भांडुपचा पत्ता, अक्षर माझं. आत आठ दिवसांपूर्वीची तारीख आहे. मी ते फोडून वाचलं. वरचं सगळं त्यात आहे. डाव्या गुडघ्याचा विनोदसुद्धा आहे. गौरी-गणपतीनंतर पत्र लिहिलं नाही हे मला पक्कं आठवतं, हेही आहे. फरक एवढाच की मी आता जिथे आबांचं नाव लिहिलं, तिथे त्या पत्रात टिंबं आहेत.

पडद्यावरचा तो माणूस चिठ्ठी बघून का ओरडला ते मला आता समजलं. सोनाबाईला सांगायला हवं की आपल्याच हातचं असलं म्हणजेच जास्त भीती वाटते. मी ओरडलो नाही, कारण रखमा गोठ्यातून यायची वेळ झाली होती.

दोन्ही पत्रं एकाच पाकिटात घालून पाठवतोय, आणि पोलादपूरला जाऊन स्वतः पेटीत टाकतोय. याच्या आधी एखादं तुला मिळालेलं असेल तर मला सांगू नकोस, आक्का. फक्त ये.